तो स्कॉटी नव्हता

हरवलेल्या सामानाच्या फोनवर पहिलं वाक्य रागाचंच असतं, हे हिनीला नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच कळून चुकलं. माणूस विमानातून उतरतो, फिरत्या पट्ट्यापाशी ताटकळतो, सगळ्यांच्या बॅगा येतात आणि नेमकी याचीच येत नाही. मग तो घरी पोचून फोन लावतो आणि तो फोन समुद्र ओलांडून हिनीच्या कानात वाजतो. राग असतो विमान कंपनीवर, पण ऐकून घ्यायला हिनी असते. ती मुकाट्याने ऐकून घ्यायची. मग बॅगेचा रंग विचारायची, चाकं दोन की चार, मुठीला काही बांधलंय का, उघडल्याबरोबर वर काय दिसेल. स्वतःच्या बॅगेचं वर्णन करता करता माणूस हळूहळू निवतो. वर ठेवलेला नातवाचा स्वेटर आठवला की आवाज बदलतोच.

हिनी पंचेचाळिशी ओलांडलेली होती. आधीचं ऑफिस बंद पडलं तेव्हा, ज्या वयात बाकीच्या बायका कानातला हेडफोन काढून ठेवतात, त्या वयात तिने तो चढवला. आजूबाजूची पोरं तिच्या निम्म्या वयाची. ती तिला ताई म्हणत आणि डब्यातलं हक्काने उचलून खात. घरी म्हातारे वडील होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि लग्नाचं म्हणाल तर ते एकदा होऊन, न जमून, संपलेलं होतं. हिनी हे नाव वडिलांनी पाळण्यापासून लावलेलं. लाडाची नावं असतात तसलंच, ना शेंडा ना बुडखा. घरात आणि गल्लीत सगळे तिला त्याच नावाने ओळखत. कामावर मात्र प्रत्येकाला फोनवर सांगायला एक गुळगुळीत इंग्रजी नाव दिलेलं होतं, ते ती आठ तास वापरून जागेवर ठेवून यायची.

तिची अडचण वेगळीच होती. तिचं इंग्रजी उत्तम होतं, पण ते कुठलं, हे कुणाच्या बापाला कळत नव्हतं. लंडनचे लोक विचारायचे, तुम्ही स्कॉटलंडच्या का? स्कॉटलंडचे विचारायचे, आयर्लंडच्या का? आयर्लंडच्या एका आजोबांनी तर बॅगेचं गाऱ्हाणं बाजूला ठेवून छातीठोकपणे सांगितलं, की तू वेल्सची आहेस, माझी धाकटी बहीण तिकडेच दिलीय, मला शिकवू नकोस. अमेरिकेतल्या लोकांना एवढंच कळायचं, की ही आपल्यातली नाही.

चुका काही एकट्या हिनीच्याच बाबतीत होत नव्हत्या. न्यूझीलंडच्या एका बाईंच्या बॅगेत पेनं होती. त्यांच्याकडे पेन म्हणताना तोंडातून पिन निघतं, म्हणून शेजारच्या मुलीने वर्णनात टाचण्यांचे डबे लिहिले आणि शोधणाऱ्यांनी ती पेनांची बॅग हातात घेऊन परत खाली ठेवली. वर त्या मुलीने बाईंना सहज विचारलं, ऑस्ट्रेलियात कुठे पाठवू? बॅग हरवल्याचा त्यांना एवढा राग आला नव्हता.

हे घोळ निस्तरायला ऑफिसात उच्चार शिकवणारे एक सर होते. चाळिशीतला नीटनेटका, मृदू बोलणारा माणूस. ते निरनिराळे आवाज ऐकवायचे आणि कोण कुठला ते ओळखायला लावायचे. पोरं कॅनडावाल्याला अमेरिकन ठरवायची, बेलफास्टच्या माणसाला स्कॉटिश ठरवायची आणि हसत सुटायची. सर म्हणायचे, ऐकताना सगळ्यांचं ऐका, बोलताना मात्र कुठलंच नसलेलं इंग्रजी बोला. सपाट, स्वच्छ, पाण्यासारखं. हिनीच्या अहवालावर त्यांचा शेरा ठरलेला असायचा: स्कॉटिश छाप आहे, कमी करावी. हिनी मनापासून प्रयत्न करायची. पण दुपार कलली, जीभ थकली, की 'होम' म्हणायच्या जागी तोंडातून 'ह्येम' निघून जायचं आणि सर काचेपलीकडून मान हलवायचे.

हे इंग्रजी तिला शाळेने दिलेलं नव्हतं, बाबांनी दिलं होतं. बाबा जहाजावर फिटर होते. इंजिन रूममध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि ऐकण्याची बरीचशी ताकदही तिथेच राहिली. सुट्टीवर आले की लहानग्या हिनीला समोर बसवून ते इंग्रजीत गप्पा मारायचे. बाबांचा 'र' घशातून यायचा, गुळणी केल्यासारखा. गल्लीतल्या डॉक्टरांनी तर एकदा न विचारता त्यांचा घसा तपासला होता. बाबा सांगायचे, हे आपलं इंग्रजी स्कॉटीचं.

स्कॉटीची गोष्ट हिनीला पाठ होती. बाबा विशीत पहिल्यांदा जहाजावर चढले तेव्हा त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता. पहिल्याच दिवशी इंजिन रूममध्ये एका लालसर केसांच्या गोऱ्या इंजिनियरने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि तोंडभर हसून म्हटलं, 'मर्रा.' बाबा तापट. ओळख ना पाळख आणि हा माणूस आपल्याला मरायला सांगतो? त्यांनी पाना उचलला. लोक मध्ये पडले म्हणून बरं, नाहीतर दोघांपैकी एक जण त्याच दिवशी खरोखर मेला असता. नंतर कुणीतरी समजावलं, की तो ज्याच्यासोबत खांद्याला खांदा लावून काम करतो त्याला प्रेमाने मर्रा म्हणतो. त्या दिवसापासून बाबा त्याचे मर्रा झाले.

बाकी सगळं जहाज त्याला स्कॉटी म्हणायचं. लाल केस, इंजिनाचा किडा आणि अर्धंमुर्धंच कळणारं बोलणं, म्हणजे स्कॉटलंडचा असणारच, असा सगळ्यांचा हिशेब. तो म्हणायचा, मी स्कॉट नाही. त्यावर जहाजभर हशा व्हायचा. तो जितका चिडायचा तितकं नाव पक्कं होत गेलं. शेवटी त्याने हात टेकले.

इंजिनाच्या धडधडाटात कानाला तोंड लावलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून स्कॉटी बाबांना शब्द ओठांनी शिकवायचा. ओठ गोल, ओठ आडवे, जीभ दातांमागे. बाबा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे आणि तसंच्या तसं करायचे. वर्षभरात ते इंग्रजी बोलायला लागले, आणि बोलले ते हुबेहूब त्याचंच. पुढे एकदा वाफेचा पाइप फुटून बाबांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बंदर लांब होतं. तापात बाबांची शुद्ध हरपत होती तेव्हा स्कॉटी उशाशी बसून त्यांना जागं ठेवण्यासाठी अखंड बोलत राहिला. त्याच्या गावाबद्दल, कोळशाच्या खाणीबद्दल, खाणीच्या दारात येणाऱ्या समुद्राबद्दल, त्याच्या धाकट्या बहिणीबद्दल. एरवी तो घराचं नाव काढत नसे. वडिलांनी खाणीत उतरायला सांगितलं, याला अंधाराची भीती, म्हणून भांडून तो समुद्रावर निघून आलेला. बाबांना त्या तापातल्या गोष्टींतलं फार थोडं आठवत होतं. पण हात वाचला, आणि त्याहीपेक्षा माणूस वाचला, याचं श्रेय ते स्कॉटीच्या बडबडीला द्यायचे.

मग एका बंदरात स्कॉटीला निरोप आला, की वडील अंथरुणाला खिळलेत. तो मिळेल त्या बोटीने घाईघाईत निघून गेला. पुढे जहाज विकलं गेलं, कंपनी बुडाली, माणसं पांगली. बाबांनी त्याला खूप शोधलं. त्याचं खरं नाव त्यांना माहीत होतं, पण ते नाव तिकडे गल्लोगल्ली सापडणारं. स्कॉटलंडमधल्या बंदरांवर, खलाशांच्या क्लबांना त्यांनी वर्षानुवर्षं विचारणा केली. एकदा त्याच नावाच्या एका गृहस्थाने आपुलकीने उत्तर धाडलं, की मी तो नव्हे, मला आंघोळीच्या टबातसुद्धा मळमळतं. बाबा ते आठवून हसायचे, आणि हसणं संपल्यावर बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसायचे.

तर त्या दिवशी असं झालं. दुपार उतरणीला लागलेली, आणि इंग्लंडमधल्या एका बाईंचा फोन आला. बस चालवतात, सुट्टीहून परत आल्या, बॅग आलीच नाही. सगळे बोलतात तसंच साफसूफ, परक्यांसाठी राखून ठेवलेलं इंग्रजी त्या बोलत होत्या. हिनीने चाकं विचारली, रंग विचारला, शोध घेतला. बॅग भलत्याच विमानतळावर सुखरूप होती. हिनीचा जीव भांड्यात पडला आणि तिने सांगून टाकलं, की काळजी करू नका, उद्या तुमची बॅग 'ह्येम' पोचेल.

पलीकडे काहीच आवाज येईना. हिनीला वाटलं फोन तुटला.

मग बाई बोलल्या, पण आता त्यांचा आवाज पार बदललेला होता. बाहेरचे बूट काढून घरातल्या चपला घालाव्यात तसा. त्यांनी भराभर काहीतरी विचारलं, आणि हिनीला ते शब्दन् शब्द कळलं, कारण बाबा असंच बोलतात. ती भांबावून म्हणाली, माफ करा, होम म्हणायचं होतं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "माफी कसली मागतेस, हिनी?"

हिनीचा हात कळफलकावर जिथल्या तिथे राहिला. या बाईंना तिने ते गुळगुळीत इंग्रजी नाव सांगितलेलं. घरातलं नाव यांना कळलं कसं?

तिने तसं विचारलं. बाईंना आधी प्रश्नच समजेना. मग त्यांनी सांगितलं, की त्यांच्याकडे लाडक्या माणसाला हिनी म्हणतात. पोरीला म्हणतात, बायकोला म्हणतात, दुकानात सुटे पैसे परत देणाऱ्या मुलीलाही म्हणतात. हिनीला एकदम रडूच फुटेल असं वाटलं. इतकी वर्षं ज्याला ती अर्थ नसलेला शब्द समजत होती, त्याचा अर्थ नुसता 'माझी बाई', 'माझं सोनं' असा होता, आणि बाबांनी तो कधी सांगितलाही नव्हता. त्यांना सांगायची गरजच वाटली नसणार.

तिने नियम गुंडाळून ठेवले आणि बाबांची गोष्ट थोडक्यात सांगितली. माझ्या वडिलांचा एक स्कॉटिश मित्र होता, असं ती म्हणाली तेव्हा बाईंनी तिला तिथेच अडवलं.

"स्कॉटिश नव्हेच तो. स्कॉटिश माणूस घराला हेम म्हणतो. ह्येम फक्त आमच्याकडे, आणि मर्रा तर आमच्या खाणीतलाच शब्द. आम्ही इंग्लंडचेच, पण अगदी वरच्या कोपऱ्यातले. लोक आम्हाला हमखास स्कॉटिश समजतात. बाहेर गेलं की रोज होतं."

बाईंनी स्कॉटीचं खरं नाव विचारून घेतलं, शोधून बघते म्हणाल्या आणि स्वतःचा नंबर दिला. त्यांची बस त्या जुन्या खाणींच्या गावांमधूनच फिरायची.

संध्याकाळी हिनीने हे बाबांना सांगितलं. त्यांच्यासमोर बसून, ओठ नीट दिसतील असं सावकाश सांगितलं. तिला वाटलं होतं बाबा आनंदाने उठून उभे राहतील. पण बाबा जागचे हलले नाहीत. भाजल्याची खूण असलेला हात दुसऱ्या हाताने चोळत राहिले.

"तो सांगायचा गं," ते शेवटी म्हणाले. "मी स्कॉट नाही, मी स्कॉट नाही. आणि सगळ्यांबरोबर मीही हसायचो."

हिनी त्यांची समजूत काढू लागली, की तुमचं वय काय, तुम्हाला इंग्रजी तरी किती येत होतं. बाबांनी मान हलवली. जेवले मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. फोन रेकॉर्ड होतात हे हिनीला माहीत होतं, त्यामुळे ती आपलं काय ते समजून गेली होती. सरांनी तो तुकडा लावला. 'ह्येम' आलं, मग ती शांतता आली, मग बाईंचा बदललेला आवाज. सरांनी तो पुन्हा लावला. मग त्यांनी वडिलांबद्दल विचारलं, आणि हिनीने पाना उचलल्यापासून सगळं सांगितलं. स्वतःचा 'स्कॉटिश छाप' हा शेरा आठवून सरांनी कपाळावर हात मारला आणि मोकळेपणाने हसले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मी माझं बोलणं इतकं घासून पुसून सपाट केलं, की घरी फोन केला तर आई विचारते, कोण बोलतंय? सांगावं लागतं, आई, मीच आहे."

ते कुठले, त्यांचं मूळ बोलणं कसं, हे हिनीने विचारलं नाही. तिने टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. सरांनी मग कामाचं तेवढं सांगितलं. आकडे, तारखा, विमानतळांची नावं सपाट बोला, तिथे लोकांची गफलत होते आणि ती तक्रार खरी आहे. बाकीचं मी लिहिणार नाही.

बसवाल्या बाईंनी शब्द पाळला. त्या गावांमध्ये बसमध्ये चढणारे बहुतेक म्हातारेच असतात, आणि त्यांना घाई नसते. बाई प्रत्येक पिकल्या केसाच्या माणसाला विचारू लागल्या, की खाण सोडून समुद्रावर गेलेला, लाल केसांचा, अमक्या नावाचा कुणी आठवतो का. त्या नावाची माणसं बरीच निघाली, पण एकाचे केस काळे होते, एक कधी गावाबाहेर गेला नव्हता. बसभर चर्चा रंगायच्या, बस थांब्यावर जास्त वेळ थांबायची. शेवटी काठी टेकत चढणाऱ्या एका आजींनी विचारलं, कशाला हवाय गं तो? तो माझा भाऊ.

हिनीला ही बातमी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मिळाली. बातमीचा दुसरा अर्धा भागही त्याच फोनवर मिळाला. भाऊ काही वर्षांपूर्वी झोपेतच गेला होता. घरी जाऊन बाबांना दोन्ही गोष्टी एकदमच सांगाव्या लागणार होत्या. ती बसस्टॉपवर उभी राहून शब्द जुळवत राहिली आणि एक बस तिने तशीच जाऊ दिली.

बाबांनी मात्र तिची अपेक्षा दुसऱ्यांदा खोटी ठरवली. ते रडले नाहीत. म्हणाले, माझं वय बघता तो नसेल हे मी धरूनच चाललो होतो, पण तो समुद्रात गेला नाही, घरात गेला, हे बरं झालं. आणि मग विचारलं, धाकटी आहे ना? तिच्याशी बोलता येईल?

रविवारी दुपारचं ठरलं. बाबा सकाळपासून बेचैन. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, बूटसुद्धा घातले. हिनी म्हणाली, बाबा, फोनवर पाय दिसत नाहीत. बाबा म्हणाले, मला माहीत आहे, तू तुझं काम कर. खरी भीती त्यांची वेगळी होती. फोनवरचं त्यांना धड ऐकू यायचं नाही. आयुष्यभर माणसांच्या ओठांवरून ऐकलेला माणूस, फोनमध्ये ओठ कुठून आणणार? म्हणून बसवाल्या बाई आपला मोबाइल घेऊन स्वतः आजींच्या घरी गेल्या आणि चेहरा दिसेल असा फोन लावला.

पडद्यावर आधी एक छत दिसलं, मग एक लोकरी खांदा, मग आजी दिसल्या. त्यांची नजर भलतीकडेच होती. बाईंनी मागून सांगितलं, की यांना हल्ली फारसं दिसत नाही, तुम्ही बोला.

बाबांनी घसा साफ केला. हिनीला वाटलं ते तयार केलेलं काहीतरी बोलतील, कारण सकाळपासून ते पुटपुटत होते. पण ते सगळं विसरले आणि जहाजावर रोज पाळी सुरू होताना विचारायचे तेवढंच, फक्त मर्राच्या जागी हिनी घालून, त्यांनी विचारलं. कशी आहेस गं, हिनी? घशातल्या 'र'सकट, इंजिनावरून ओरडावं तशा आवाजात.

आजी ताठ झाल्या. त्यांचा हात हवेत काहीतरी शोधू लागला आणि बसवाल्या बाईंनी तो धरला.

"परत बोल," आजी म्हणाल्या.

बाबा परत बोलले.

"अजून. काहीही बोल."

काहीही बोल म्हटल्यावर माणसाला काय सुचणार? बाबांनी आपल्या गुडघ्याबद्दल सांगायला सुरुवात केली. गुडघा कसा दुखतो, डॉक्टर चालायला सांगतात, चाललं की अजून दुखतो, पोरगी गोळ्या वेळेवर देते पण मीठ कमी घालते. असलं सगळं, जे आपण शेजाऱ्यालाही सांगायला कंटाळतो. आजी डोळे मिटून ऐकत होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्या मध्येच हसत, मध्येच मान डोलावत. नंतर त्यांनी सांगितलं, की भावाची मुलं दक्षिणेला वाढली, ती तिकडचं बोलतात. चांगली आहेत, भेटायला येतात, पण दारातून आत आली की पाहुणे आल्यासारखं वाटतं. आजींचे वडील बोलायचे तसा घशातला 'र' या घरात भावाबरोबरच संपला होता. आता तो फोनमधून परत आला, आणि वर गुडघ्याची तक्रार करतोय.

इकडे बाबांना आजींचं निम्मंअधिक ऐकू येत नव्हतं. पण ते पडद्याच्या इतके जवळ गेले होते, की त्यांच्या श्वासाने काच धुरकट होत होती. ते आजींच्या तोंडाकडे बघत होते. हिनी पुसायला पुढे झाली तर त्यांनी तिला हाताने थांबवलं आणि स्वतःच्या बाहीने काच पुसली.

"बघ," ते मराठीत हळूच म्हणाले, "बोलताना तोंड असंच एका बाजूला जायचं त्याचं."

जरा स्थिरस्थावर झाल्यावर बाबांनी मनातलं विचारलं. त्याला शेवटपर्यंत राग होता का, सगळे स्कॉटी म्हणायचे त्याचा? मीही म्हणायचो.

आजींना हसू आवरेना. त्या म्हणाल्या, राग कसला, घरी आल्यावर तो तेच सांगून लोकांना हसवायचा. मी इतकी वर्षं चुकून स्कॉट होतो म्हणायचा. त्याच्या अंत्ययात्रेला नंतरच्या जहाजावरच्या मित्रांनी फुलं पाठवली, आणि त्यांच्यावर स्कॉटिश चौकड्यांची ही एवढी लांब फीत. सगळं चर्च खुसखुसत होतं, आणि मी तर सगळ्यात पुढे बसलेली. मग त्या म्हणाल्या, की एका माणसाने मात्र त्याला कधीच स्कॉटी म्हटलं नाही, असं तो सांगायचा. इंजिनात हात भाजलेला त्याचा मर्रा. तो त्याला मर्राच म्हणायचा.

बाबांनी हे हिनीकडून पुन्हा वदवून घेतलं, ओठ दिसतील असं. ते बराच वेळ आठवत राहिले. मग खरंच, म्हणाले. इतरांशी बोलताना स्कॉटी, पण त्याला हाक मारताना नाही. हाक मारताना मर्रा. विसरलोच होतो मी.

त्या रात्री ते पोटभर जेवले आणि मीठ कमी आहे म्हणाले.

रविवारचा फोन मग ठरूनच गेला. बसवाल्या बाईंना सुट्टी असेल तेव्हा त्या यायच्या, नसेल तेव्हा शेजारचं कुणीतरी फोन धरायचं. पहिले काही रविवार रडण्याहसण्यात गेले, पुढे दोघं साध्या गप्पांवर आली, आणि त्यानंतर, सख्ख्या भावंडांना शोभेल अशी, भांडू लागली. बाबांचं इंग्रजी त्यांच्या तरुणपणातच थांबलेलं होतं. आजी म्हणायच्या, हा शब्द आता कुणी वापरत नाही. बाबा म्हणायचे, मी वापरतो ना.

एकदा स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि बाबा पाना घेऊन त्याच्याशी झटत होते. फोन आल्यावर ते सांगू लागले, की नळ सकाळपासून 'टिबलिन' करतोय. आजींनी विचारलं, काय करतोय? टिबलिन, बाबा म्हणाले, थेंब थेंब गळतो ते टिबलिन, तुमचाच शब्द आहे. आजी म्हणाल्या, असा शब्द आमच्याकडे नाही. बाबा इरेला पेटले. तो इंजिनाच्या प्रत्येक गळक्या सांध्याला टिबलिन म्हणायचा, मला पहिल्या आठवड्यात शिकवलेला शब्द आहे, तुम्हीच विसरला असाल, वय झालं. आजींनी बसवाल्या बाईंना विचारलं. बसवाल्या बाईंनी आठवडाभर बसमध्ये विचारलं. एका निवृत्त प्लंबरलासुद्धा विचारलं. कुणीही तो शब्द ऐकला नव्हता. पुढच्या रविवारी आजींनी निकाल दिला, की भावाने तो मनानेच बनवलेला होता. नव्या पोराची मजा करायची म्हणून. आणि हा भला माणूस तो जन्मभर वापरत बसला.

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हिनीला वाटलं आता ते फोन ठेवून देणार. जहाजांवर, बंदरांवर, हाताखालच्या किती फिटरांना त्यांनी तो शब्द ठणकावून शिकवला असेल. पण ते शेवटपर्यंत फोनवर राहिले. फोन संपल्यावर नळापाशी गेले, पुन्हा गळू लागलेल्या सांध्यावर बोट ठेवून उभे राहिले. खांदे हलत होते. ते हसत होते हे हिनीच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"म्हणजे हा शब्द सगळ्या जगात मला एकट्यालाच येतो," ते म्हणाले.

"मलाही येतो, बाबा," हिनी म्हणाली आणि नळाखाली पातेलं सरकवलं.